यादीत नसलेला रकाना

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सुदानी मित्राच्या चित्रपटासाठी तू पाठवलेली फंडांची यादी नीट पाहिली. दोहा, जेद्दाहचा रेड सी फंड, बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड, रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स, बैरूतचा आफाक. सगळ्यांच्या तारखा आणि अटी वेगवेगळ्या रंगांत. मेहनत दिसते. एक रकाना मात्र मला सापडला नाही: पिक्चर लागणार कुठे?

मी उमेदवारी केली ती लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये. निर्माता जिना चढून आला की आमचे शेठ आधी विचारायचे, ‘कुठली टेरिटरी मोकळी आहे?’ म्हणजे कुठल्या भागाचे वितरणाचे हक्क अजून विकायचे आहेत. कथा नंतर, चहा येईपर्यंत निर्माता टिकला तर. मला तेव्हा तो अडाणीपणा वाटायचा. आता वाटत नाही.

फंडाचे पैसे परत करायचे नसतात, म्हणून ते फुकटचे वाटतात. बर्लिनचा फंड हवा तर जर्मन सहनिर्माता लागतो, फ्रान्सची सरकारी मदत हवी तर फ्रेंच. तो आला की त्याची मतंही येतात. सेनेगलच्या सेम्बेन उस्मानने 1968 साली ‘मांडाबी’ केला तेव्हा फ्रेंच सरकारची मदत होती, आणि एकच चित्रपट त्याला दोनदा चित्रित करावा लागला, एकदा वोलोफमध्ये, एकदा फ्रेंचमध्ये. ज्या डाकारकरांची ती गोष्ट, त्यांची भाषा वोलोफ. त्याने वोलोफ सोडली नाही, हे तुझ्या मित्राला आवर्जून सांग.

पण मुख्य अडचण पैशाची नव्हतीच गं. पश्चिम आफ्रिकेच्या फ्रेंच वसाहतींत कोमासिको आणि सेक्मा अशा दोन कंपन्या होत्या. थिएटरं त्यांची, आयातही त्यांचीच. देश स्वतंत्र झाले तरी पडदे त्यांच्याकडेच राहिले. त्यांना पॅरिसहून घाऊक भावात पिक्चर मिळत होते, मग स्थानिक माणसाचा एकुलता एक चित्रपट त्या कशाला लावतील? 1970 साली अपर व्होल्टाने (आजचा बुर्किना फासो) थिएटरं सरकारजमा केली. होती ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तरी तिकिटाच्या पैशातला वाटा देशी चित्रपटांसाठी बाजूला पडू लागला. वागाडुगूचा फेस्पाको महोत्सव आज एवढा मोठा दिसतो, त्यामागे हा भांडखोरपणा आहे. पुढे 1979 मध्ये चौदा देशांनी मिळून सीआयडीसी नावाची सामाईक वितरण संस्था काढली. कल्पना चोख होती. सभासद सरकारांनी वर्गणी वेळेवर भरली नाही, आणि पाच वर्षांत संस्था बसली. आपल्याकडच्या सहकारी संस्था आठवल्या ना? मलाही.

नायजेरियाने उलटा रस्ता धरला. 1992 साली ‘लिव्हिंग इन बाँडेज’ थेट व्हीएचएसवर आला, इग्बो भाषेत. पैसा घातला कॅसेटच्या व्यापाऱ्याने, आणि विकलाही व्यापाऱ्यांनीच, लागोसच्या इडुमोटा बाजारातून, ओनित्शाहून. थिएटर नाही, फंड नाही, महोत्सव नाही. गल्लेवाला हाच निर्माता. पुढे पायरसीने त्यांचं कंबरडं मोडलं, दर्जाबद्दल तर बोलायलाच नको. पण गिऱ्हाईक कोण हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता तुझ्याकडे येतो. ‘अरब बाजार’ असा एकच शब्द तू वापरतेस, तो सोडून दे. कैरोची बोली सगळ्यांना कळते, कारण इजिप्तचे चित्रपट ऐकत पिढ्या वाढल्या. मोरोक्कोचा चित्रपट कैरोत लावायचा तर खाली अरबीतच सबटायटल द्यावी लागतात. सुदानी बोली मधे कुठेतरी बसते, इजिप्तमध्ये निभावते. आखाती पैशाची चवही जुनी आहे. 1980 च्या दशकात तिकडच्या व्हिडिओ दुकानांच्या आगाऊ रकमेवर कैरोत भराभर चित्रपट निघाले. लोक त्यांना ‘कंत्राटी सिनेमा’ म्हणायचे. पैसे आधी, पिक्चर कसाबसा नंतर. आणि सौदी अरेबियात तर पस्तीसेक वर्षं थिएटरच नव्हती, ती एप्रिल 2018 मध्ये पुन्हा उघडली. सौदी दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूरने 2012 चा ‘वजदा’ रियाधमध्येच केला, व्हॅनमध्ये बसून, वॉकी-टॉकीवर सूचना देत. दाखवायला मात्र देशात पडदा नव्हता.

तुमच्यासाठी जवळचं उदाहरण सुदानचंच आहे. अमजद अबू अलालाचा ‘यू विल डाय अ‍ॅट ट्वेंटी’ 2019 मध्ये व्हेनिसला पदार्पणाचं बक्षीस घेऊन आला. फ्रान्स, जर्मनी, नॉर्वे, इजिप्त, कतार, सगळीकडून चिंध्या जोडून शिवलेली गोधडी. मग मोहम्मद कोर्दोफानीचा ‘गुडबाय ज्युलिया’ मे 2023 मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवाला गेला, आणि त्याच्या महिनाभर आधी, 15 एप्रिलला, खार्टूममध्ये युद्ध पेटलं. घरचा बाजारच उडाला. तरी तो इजिप्तमध्ये थिएटरांत लागला, तिथे युद्धातून पळून आलेले सुदानी होतेच. तेव्हा यादीत ‘सुदान’ लिहून ‘शून्य’ लिहू नकोस. कैरो लिही, जेद्दाह लिही, तुझ्या शेजारचं शारजाह लिही. सुदानी माणूस कुठे राहतो, शुक्रवारी कुठे जातो, तिकिटाला किती देतो, हे मित्राकडून आणि त्याच्या मावश्यांकडून काढून घे. मावश्यांना दिग्दर्शकापेक्षा जास्त माहीत असतं.

स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवू नकोस. अ‍ॅमेझॉन प्राइमने जानेवारी 2024 मध्ये आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या नव्या निर्मितीतून अंग काढून घेतलं, तेव्हा कित्येकांच्या ठरलेल्या गोष्टी एका ईमेलवर थांबल्या.

आता करार. मी तरुणपणी एका मराठी चित्रपटाच्या कागदावर सही केली होती, त्यात ‘ओव्हरसीज’ एवढा एकच शब्द, मुदत नाही, माध्यम नाही. घेणाऱ्याने आखातात कॅसेट काढली, ती फिरून मुंबईत आली, आणि आमचा पिक्चर दादरला लागायच्या आधी लोकांनी घरी बघितला. निर्मात्याने मला काही बोललं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून: देश नावानिशी लिहून घे. थिएटर, टीव्ही, स्ट्रीमिंग, विमानातले खेळ, सगळ्यांचे हक्क वेगवेगळे. मुदत वर्षांत. आणि एक तुकडा कोणालाच विकू नकोस, शाळा-वस्त्यांमधल्या, छावण्यांमधल्या खेळांचा. युरोपातला विक्री एजंट तो सहज मागेल, कारण त्याला त्याची किंमत नसते. इथिओपियाचे दिग्दर्शक हैले गेरिमा यांचा ‘सांकोफा’ 1993 मध्ये अमेरिकेत कोणी वितरक घेईना, तेव्हा त्यांनी स्वतः शहरोशहरी थिएटर भाड्याने घेऊन लावला. आपण ज्याला थिएटर हायर म्हणतो तेच. हक्क हातात होते म्हणून जमलं.

कमिशन किती टक्के यावर भांड, पण त्याहून जास्त भांड प्रसिद्धीच्या खर्चावर. आधी थिएटरचा वाटा जातो, मग वितरकाचं कमिशन, मग खर्च, आणि त्या खर्चाला वरची मर्यादा लिहिलेली नसेल तर ओव्हरफ्लो, म्हणजे सगळं वजा जाऊन उरलेल्या पैशातला निर्मात्याचा वाटा, हा शब्द तू फक्त ऐकशील.

रकाना भरून यादी परत पाठव. रेड सीचा अर्ज तोवर थांबव, तारीख आहे अजून. फोन करायचा तर माझ्या दहानंतर कर, तुझे साडेआठ. त्याआधी मी फिरायला जातो. आणि मित्राला विचार, वोलोफसारखा हट्ट त्याचा कशावर आहे. ते एकदा कळलं की कुठल्या फंडाला नाही म्हणायचं ते ठरवू.

तुझा,
काका