सार्वजनिक ठिकाणच्या सीसीटीव्हीबद्दल शंका काढली म्हणजे आपल्याला काही लपवायचं असतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या रस्त्यावर कॅमेरे बसवायचं ठरतंय. मी नुसतं विचारलं की रेकॉर्डिंग कोण बघणार, तर लोक म्हणाले तुला काय लपवायचंय? सुरक्षा धरायची की प्रायव्हसी?"

तुम्ही विचारलंत ते बरोबरच होतं. मी काही कॅमेऱ्यांच्या विरोधातला माणूस नाही, उलट बरीच वर्षं माझं पोट त्याच्यावरच होतं. शिडीवर चढून कॅमेरे ठोकलेत, वायरी ओढल्यात, आणि "अहो जरा फुटेज काढून द्या ना" म्हणून रात्री अकराला आलेले फोनपण घेतलेत. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं. लोक खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून भांडत बसतात, ते साप सोडून भुई धोपटण्यासारखं आहे. खरा मामला असतो तो रेकॉर्डर ठेवलाय त्या खोलीत, म्हणजे तिथे कोण जातं, पासवर्ड कुणाकुणाला माहितीये, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि कुणी काढून नेलं तर त्याची कुठे नोंद होते का. या चार गोष्टी धड असतील तर कॅमेऱ्याची भीती बरीच कमी होते, आणि धड नसतील तर सुरक्षापण मिळत नाही, ही दुसरी बाजू कुणी बोलत नाही.

आधी सुरक्षेचंच घेऊ. कॅमेरा लागला की गुन्हे बंद, असं आपण गृहीत धरतो. यावर जगात भरपूर अभ्यास झालेत आणि २०१९ मध्ये अशा चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात दिसलं की कॅमेरे असलेल्या भागात, तुलनेला घेतलेल्या बिनकॅमेऱ्याच्या भागांपेक्षा गुन्हे साधारण १३ टक्क्यांनी कमी झाले. १३ टक्के म्हणजे काहीच नाही असं नाही, पण लोकांच्या डोक्यात जे चित्र असतं त्याच्यापेक्षा फारच कमी. त्यातही सगळ्यात जास्त फरक पडला तो पार्किंगच्या जागांमध्ये, आणि मारामारी, हल्ले अशा हिंसक गुन्ह्यांत म्हणावा असा फरक दिसलाच नाही. मला यात काही आश्चर्य वाटलं नाही, कारण गाडी उचलणारा आधी दोन फेऱ्या मारतो, इकडे तिकडे बघतो, जमेल का याचा हिशोब करतो, आणि डोकं फिरलेला किंवा प्यायलेला माणूस हात उचलायच्या आधी वर कॅमेरा आहे का ते बघत बसत नाही.

शिवाय कॅमेरा बघतो म्हणजे कोणीतरी बघतंय असं नसतं. बहुतेक ठिकाणी स्क्रीनसमोर कोणीच नसतं, नुसतं रेकॉर्डिंग चालू असतं. आणि जिथे माणूस बसवलेला असतो तिथे त्याचे डोळे तरी किती टिकणार? साधारण वीस मिनिटं सलग स्क्रीनकडे पाहिलं की लक्ष कामाचं राहत नाही, असं अमेरिकेतल्या १९९९ च्या एका सरकारी अहवालातच लिहिलंय. आठ तासांची ड्युटी, समोर सोळा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात काहीच घडत नाहीये. तुम्ही एकदा बसून बघा.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग घडून गेल्यावर होतो. २००५ मध्ये लंडनला बॉम्बस्फोट झाले ते कॅमेऱ्यांनी थांबवले नाहीत, पण बॉम्ब नेणारे कोण होते आणि कुठून आले हे जोडून काढायला तेच रेकॉर्डिंग लागलं. बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये २०१३ ला स्फोट झाले, तिथेही संशयितांचे फोटो तीन दिवसांत जाहीर करता आले ते रेकॉर्डिंगमुळेच. म्हणजे सुरक्षा हवी असेल तर रेकॉर्डिंग चांगलं पाहिजे, आणि इथेच बहुतेकांची गंमत होते.

एक साधा हिशोब सांगतो, हा कुणी विकणारा तुम्हाला सांगणार नाही. अनोळखी माणूस चेहऱ्यावरून नक्की ओळखता यावा यासाठी या क्षेत्रात जो आंतरराष्ट्रीय मापदंड बरीच वर्षं वापरला गेला, त्यात समोरच्या जागेच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल (म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके) लागतात. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. भागाकार करा, साडेसात मीटरच्या थोडं वर येतात. म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंद जागा दिसत असेल तर चेहरा ओळखायची खात्री गेली. आणि आपण काय करतो, तर एकाच कॅमेऱ्यात अख्खा चौक घेतो, वर खांबाच्या टोकाला लावतो, मग दिसतात नुसती डोकी आणि टोप्या. अशा कॅमेऱ्याने चोर सापडत नाही, पण रोज त्याच वेळी जाणारी ओळखीची बाई मात्र चालण्यावरून, कपड्यांवरून कुणालाही कळते. म्हणजे सुरक्षा गेलीच, वर प्रायव्हसीपण गेली.

एक किस्सा. एकांची गाडी पार्किंगमधून गेली होती. कॅमेरे मी लावलेले नव्हते, फक्त फुटेज काढायला मला बोलावलं. गाडीवाले माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, त्यांना वाटत होतं आता पाच मिनिटांत चोर दिसणार. मी तारीख टाकली तर त्या दिवशीचं रेकॉर्डिंगच नाही. आधी कळेना, मग स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं तर तिथे २००० सालचा जानेवारी चालू होता! रेकॉर्डरच्या आतला घड्याळाचा सेल कधीतरी मेलेला, लाईट गेली की तारीख परत पहिल्यापासून सुरू, आणि कित्येक महिन्यांत कुणी बघितलंच नाही. मग आम्ही सावल्या आणि येणाऱ्या जाणाऱ्या गाड्या बघून अंदाजाने वेळ जुळवत बसलो, दोन तास गेले. शेवटी सापडली ती क्लिप. गाडी बाहेर पडताना हेडलाईटचा पांढरा गोळा आणि नंबरप्लेटच्या जागी नुसता उजेड. गाडीवाले काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले "परत एकदा लावा ना". तीनदा लावली मी.

आणि त्याच खोलीत मॉनिटरच्या खाली एक कागद चिकटवलेला होता, त्यावर युजरनेम आणि पासवर्ड. सहा आकडे, एकापासून सहापर्यंत. म्हणजे मालकाला हवं ते दिसत नव्हतं पण बाकी सगळ्यांना सगळं उघडं होतं. हा पासवर्डचा निष्काळजीपणा काही लहान नाही बरं का, २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठ्या वेबसाईट काही तास पाडल्या. ज्या कॅमेऱ्यांनी राखण करायची तेच चोराच्या टोळीत.

आता तो "तुला काय लपवायचंय" वाला मुद्दा. याला मी उत्तर देतो ते असं. एका कंट्रोल रूममध्ये जॉयस्टिकवाला कॅमेरा जोडून द्यायला गेलो होतो, फिरणारा आणि झूम होणारा. जोडून झाला, तिथल्या ऑपरेटरला शिकवलं, त्याने दोन मिनिटं इकडे तिकडे फिरवला आणि मग बसस्टॉपवर उभ्या असलेल्या एका मुलीवर आणून थांबवला आणि झूम करत गेला. करत गेला, करत गेला. मग माझ्याकडे बघून हसला, म्हणाला क्लिअर आहे की. मी काय बोलणार, मी तेव्हा नवीन होतो, गप्प बसलो, आजही त्याची लाज वाटते. त्या मुलीला लपवायचं काय होतं? ती बसची वाट बघत होती. आणि त्या सिस्टीमला कोणी कधी कुठे झूम केलं याची नोंदच नव्हती, म्हणजे उद्या तिने तक्रार केली असती तरी दाखवायला काही नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय. हा एकटा माणूस वाईट होता असंही नाही, ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात संशोधक कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले होते, त्यांनाही हेच दिसलं, की तरुण पोरं आणि काळे लोक विनाकारण जास्त टिपले जातात आणि बायकांकडे कॅमेरा वळतो तो कायम त्यांच्या सुरक्षेसाठीच वळतो असं नाही.

लोक म्हणतात रस्त्यावर कसली प्रायव्हसी, तिथे तर सगळेच बघतात. हो बघतात, पण विसरतात. रस्त्यावरून जाताना मला चार लोकांनी पाहिलं आणि मी अमुक दवाखान्यात शिरलो हे एका यंत्राने तारीख-वेळेसकट महिनाभर साठवलं, आणि नंतर कुणीही मागे जाऊन काढलं, यात फरक आहे ना.

आणि आता चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर आलंय, त्याने तर खेळच बदलला. साधा कॅमेरा जागेवर लक्ष ठेवतो, हा माणसाच्या मागे लागतो. बरं, तो चुकत नाही असंही नाही. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात चेहरा बघून बाई की पुरुष एवढंच सांगणारी तीन सॉफ्टवेअर तपासली, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत आणि सावळ्या बायकांच्या बाबतीत एका सॉफ्टवेअरची चूक जवळजवळ ३५ टक्के! तिथल्याच डेट्रॉइट शहरात २०२० च्या जानेवारीत एका माणसाला घराबाहेर बायकापोरांसमोर अटक झाली, कारण दुकानातल्या एका अंधुक फुटेजवरून कॉम्प्युटरने त्याचा जुना लायसन्सचा फोटो जुळवला होता. साधारण ३० तास कोठडीत, आणि फुटेजमधला माणूस तो नव्हताच. पुढे त्याने कोर्टात धाव घेतली, २०२४ मध्ये तडजोड झाली आणि तिथल्या पोलिसांना मान्य करावं लागलं की नुसत्या अशा मॅचवरून अटक करायची नाही. मुळात फुटेज अंधुक, हेच ते साडेसात मीटरचं दुखणं, त्याच्यावर कितीही हुशार सॉफ्टवेअर बसवा.

कोर्टांनी यात काढलेला रस्ता मला तरी समजूतदार वाटतो. युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१४ मध्ये चेक देशातल्या एका प्रकरणात निकाल दिला होता. एका माणसाच्या घराच्या काचा फोडल्या जात होत्या, त्याने कॅमेरा लावला, त्यात समोरचा रस्ता आणि पलीकडच्या घराचं दारपण यायचं, आणि त्याच कॅमेऱ्यामुळे संशयित सापडलेसुद्धा. तरी कोर्ट म्हणालं की कॅमेरा रस्त्यावर वळला की ती घरगुती बाब राहत नाही, कायदा लागू होतो, मात्र घर सांभाळायची त्याची गरजही धरली पाहिजे. म्हणजे काढून टाक असं म्हणाले नाहीत, नियमात ये म्हणाले. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या वेल्सच्या पोलिसांनी चालवलेला, लोकांचे चेहरे ओळखायचा कार्यक्रमही तिथल्या कोर्टाने बेकायदेशीर ठरवला, त्यातलं एक मुख्य कारण अगदी साधं होतं: शोधायच्या लोकांच्या यादीत कुणाला टाकायचं आणि कॅमेरा कुठे लावायचा हे जवळजवळ सगळं पोलिसांच्या मर्जीवर सोडलेलं होतं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला, तेव्हाही कसोटी अशीच दिली, की कायद्याचा आधार हवा, कारण खरं हवं, आणि उपाय कारणापेक्षा मोठा नको.

तर परत लोक तोंड बंद करायला आले तर "कॅमेरा नको" म्हणूच नका, त्यात तुम्ही एकटे पडाल. त्यांनाच विचारा की तुम्हाला खरंच सुरक्षा पाहिजे ना, मग आधी तिथला दिवा का दुरुस्त होत नाही, अंधारात कॅमेरा काय दाखवणार. विचारा की रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार आणि मग आपोआप पुसलं जाणार का. फुटेज काढायचं तर एकट्याने नाही, दोघांनी मिळून, आणि वहीत सही. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. समोरच्या घरांच्या खिडक्या चित्रात येत असतील तर सेटिंगमध्ये त्या भागावर काळी चौकट टाकता येते, दोन मिनिटांचं काम आहे, पण मागितल्याशिवाय कुणी करून देत नाही (मीही द्यायचो नाही, खोटं कशाला बोलू). आणि माईक बंद ठेवायला सांगा, अनेक कॅमेऱ्यांत तो असतो आणि लोकांना पत्ताच नसतो की बोलणंही साठतंय.

यातल्या निम्म्या प्रश्नांना उत्तर मिळणार नाही, तेव्हा काम कुणाला दिलंय आणि जबाबदार कोण हे लेखी मागा. आणि बसवून झाले की एकदा त्या खोलीत जाऊन या, कोणी अडवलं तर का अडवलं तेही कळेल. आत गेलात की सगळ्यात आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ आपल्या मोबाईलशी ताडून बघा, आणि मॉनिटरच्या खाली कागद चिकटवलाय का ते पण.