पुस्तिकेत वायरमनला किती पानं?

कराडजवळच्या गावातून एका ताईंचं पत्र आलंय. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीत होते, १९७१ला बांगलादेश युद्धातल्या जमालपूरच्या लढाईत. फौजेतून आल्यावर वीज मंडळात वायरमन झाले आणि तिथूनच रिटायर. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. भाऊ पुस्तिका छापतोय : वर्दीतला फोटो, ‘दोन रणगाडे उडवले’ हा मजकूर आणि वीज मंडळाची एक ओळ. ‘दादा म्हणतो, वायरमनचं काय लिहायचं? परमिट आल्याशिवाय खांबावर चढत नाहीत म्हणून लोक अण्णांना शिव्याच द्यायचे. मी काय करू?’

ताई,

आधी रणगाडे. अण्णा घरात लढाईबद्दल कधी बोलले नाहीत, असं तुम्हीच लिहिता. जमालपूरला जंगी पलटणीनं शहरामागचा रस्ता अडवला होता. १० डिसेंबरच्या रात्री वेढ्यातून निसटू पाहणारी पाकिस्तानी फौज त्यांच्यावर येऊन आदळली. पायदळाची लढाई ती. दादांनी रणगाडे कुठून आणले कोण जाणे! ट्रंकेत डिस्चार्ज बुक शोधा. पलटण, नोकरीची वर्षं, मेडलं, सगळं त्यात असतं. नाही सापडलं तर साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं ते सांगतील. पदरचं घालू नका. पलटणीतलं एखादं म्हातारं कार्यक्रमाला आलं, तर दादांचीच पंचाईत होईल.

आता शिव्या. मला विचाराल तर पुस्तिकेत सगळ्यात आधी त्याच याव्यात. अकरा केव्हीच्या लाईनला हात लावायचा तर उपकेंद्रातून परमिट, म्हणजे लाईन बंद केल्याची लेखी परवानगी घ्यायची, लाईन तोडणारा एबी स्विच उघडायचा, लाईनमध्ये उरलेला करंट जमिनीत सोडून अर्थिंग लावायचं आणि मगच चढायचं. फिडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी लाईन, बंद असूनही माणसं मरतात. कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा लाईनवर येतो, कधी ऑपरेटर भलताच फिडर बंद करतो. इकडे वळवाच्या पावसात तार तुटलीय, उसाचं पाणी अडलंय, डीपीखाली गाव गोळा होऊन ओरडतंय, आणि हा माणूस परमिटची वाट बघत ढिम्म उभा. शिव्या बसणारच! अशा वेळी गावाला न भिणं सोपं नाही हो. त्यांच्या हाताखालचे हेल्पर कोण होते? ते आज घरी नातवंडं खेळवत असतील, तर त्यात अण्णांच्या या हट्टाचाही वाटा आहे.

त्या हेल्परांना आणि उपकेंद्रातल्या जुन्या ऑपरेटरला जाऊन भेटा. ‘अण्णा कसे होते?’ असं विचारू नका, ‘देवमाणूस’ यापलीकडे काही हाती लागणार नाही. कुठल्या पावसात कुठली तार तुटली, लाईट किती वाजता आली, तोवर कोण काय बोललं, हे विचारा.

दादांशी भांडू नका. फौजेचं त्यांना लिहू दे, मंडळाचं तुम्ही लिहा. वर्दीचा अभिमान आणि खांबाची लाज असं का, ते मात्र एकदा निवांत विचारा. शाळेत कुणी ‘वायरमनचा पोरगा’ म्हणून हिणवलं असेल, आणि ते अजून गेलं नसेल.

शेवटी एक कामाचं. डिस्चार्ज बुक मिळालं की त्यातलं आईचं नाव आधार कार्डाशी जुळतं का, ते पाहा. अण्णांना फौजेची पेन्शन होती आणि आईची फॅमिली पेन्शन नावाच्या घोळात अडकली असेल, तर छापखान्याआधी ते काम उरका.