कंसातलं वाक्य

'मावशी, सात महिन्यांपूर्वी पाथर्डी फाट्याजवळ हायवेच्या कडेला एक कुत्री पडलेली दिसली. गाडीने उडवलेली. मणका तुटलाय, मागचे पाय कायमचे गेले, असं डॉक्टर म्हणाले. झोपवून द्या, असंही दोघांनी सुचवलं. मी घरी आणली, ठकी नाव ठेवलं. आता मस्त गुटगुटीत झालीय. हाक मारली की पुढच्या दोन पायांवर ओढत ओढत दारापर्यंत येते. पण मिस्टरांच्या बदलीमुळे जानेवारीअखेर आम्ही पुण्याला चाललोय आणि तिथला घरमालक कुत्रं चालणार नाही म्हणतो. चार महिने फॉस्टर होम, म्हणजे तिला सांभाळणारं घर, शोधतेय. पोस्ट टाकून टाकून बोटं झिजली. तीन घरांनी नेली, तिघांनी परत आणून सोडली. गंगापूर रोडचं जोडपं दुसऱ्याच दिवशी आलं, म्हणे सोसायटीचे चेअरमन ऐकत नाहीत. म्हसरूळला रूम करून राहणाऱ्या दोन मुलांनी चौथ्या दिवशी आणली, तर तिला ताप आणि युरिन इन्फेक्शन! जेल रोडला एक रिटायर्ड सिस्टर एकट्याच राहतात, त्यांच्याकडून खूप आशा होती. त्यांनीही सहाव्या दिवशी रिक्षा करून आणून दिली. (लघवी तिला आपली आपण होत नाही, पोट दाबून काढावी लागते. ते मी आधी सांगत नाही, नाहीतर लोक फोनच करत नाहीत. दुसऱ्या दिवशी फोनवर शिकवते, तोवर जीव लागलेला असतो.) सिस्टर जाताना एवढंच म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतंस." मावशी, लोकांमध्ये माणुसकी उरलीच नाही का हो? मी काय करू?'

– हतबल, इंदिरानगर, नाशिक

माणुसकीचं नंतर बघू. आधी मला तो कंस उघडायचाय.

पत्राबरोबर तू ठकीचे सात फोटो पाठवलेस. सातही फोटोंत तिच्या कमरेवर तुझी बांधणीची ओढणी आहे. गोड दिसते, नाही म्हणत नाही. पोस्टचा मजकूरही वाचला. 'मागचे पाय चालत नाहीत, बाकी एकदम फिट, फक्त प्रेम हवंय.' फक्त प्रेम! अगं बाई, तिला दर सहा-आठ तासांनी एक माणूस हवाय. त्याने गुडघे टेकून बसायचं, मागच्या पायांच्या जरा पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंना तळहात लावायचे, आत पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं काय लागतंय ते चाचपायचं आणि धार सुटेपर्यंत हलक्या पण एकसारख्या दाबाने शेपटीकडे दाबत राहायचं. उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी, झोपायच्या आधी. दिवाळीत, लग्नसराईत, स्वतःच्या अंगात ताप असताना. तू हे सात महिने केलंस. त्याबद्दल तुला काय म्हणावं ते मला सुचत नाही, इतकं ते मोठं आहे. आणि तेच तू जगापासून ओढणीखाली झाकून ठेवलंस.

नाव ठकी ठेवलंस आणि ठकवलंस मात्र लोकांना.

रागावलीस? रागाव. म्हसरूळच्या त्या पोरांबद्दल तू तुटक लिहिलंयस, 'आणली, तर तिला ताप', उद्गारचिन्हासकट. मला त्या पोरांचंच वाईट वाटतंय. त्यांच्या खोलीत काय झालं असणार, सांगू? ठकीला गादी घातली असेल, पाणी पाजलं असेल, लाड केले असतील. रात्री गादी ओली दिसली, त्यांना वाटलं, चला, लघवी झाली. ती झालेलीच नसते. पिशवी काठोकाठ भरली की थेंब थेंब आपसूक गळायला लागतं, गच्चीवरची टाकी वाहते तसं. बाहेर ओल दिसते आणि आत टाकी भरलेली ती भरलेलीच. लघवी अशी तुंबून राहिली की जंतूंचं फावतं. वास उग्र येतो, रंग गढूळ होतो, कधी रक्त दिसतं आणि मग ताप. शिवाय पिशवी पुन्हा पुन्हा अशी ताणली गेली की तिचा स्नायूच सैल पडतो, मग पुढे नीट दाबूनही ती पुरती रिकामी होत नाही. म्हणजे तुझ्या त्या 'तोवर जीव लागलेला असतो'मधला 'तोवर' कोण भोगत होतं? ठकी. तीन घरं, तीन पहिल्या रात्री.

आणि दुसऱ्या दिवशी तू शिकवलंस कसं, तर फोनवर! तुला स्वतःला कुणी शिकवलं होतं? डॉक्टरांनी, टेबलावर, तुझ्या हातांवर त्यांचे हात ठेवून. पहिला आठवडा तुलाही जमलं नसणार. त्या पोरांनी भीत भीत दाबलं असेल, चार थेंब आले, 'आली आली' म्हणून सोडलं असेल. त्यांच्या माणुसकीची परीक्षा घ्यायला तू पेपरच चुकीचा दिलास.

गंगापूर रोडच्या जोडप्यावर मी फार शाई घालवत नाही. सोसायटीने बहुमताने ठराव केला तरी घरात कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्वच्छ लिहिलंय. चेअरमनचं नाव पुढे करणं ही सुटायची सोय होती. पण सुटावंसं त्यांना का वाटलं, हे तुला ठाऊक आहे.

माझ्या एका चुलत बहिणीचं लग्न असंच जमवलं होतं. मुलाला फिट यायची, सासरच्या सगळ्या घराला माहीत होतं, आम्हाला सोडून. 'एकदा संसार रुळला की काय कुणी टाकून जातंय?' असा त्यांचा हिशेब होता. लग्नाच्या सहाव्या दिवशी, मांडवाचे बांबू अजून अंगणात पडलेले, तो न्हाणीघराच्या दारात कोसळला. ती पुढे त्याच्याबरोबर नांदली, चाळीस वर्षं. गोळ्यांच्या वेळा पाळल्या, त्याला एकट्याला कधी विहिरीवर जाऊ दिलं नाही. पण सासूच्या हातचा चहा मात्र तिने कधी घेतला नाही, स्वतःचा स्वतः करायची. म्हणायची, 'फिटेचं काही नव्हतं गं. त्या दिवशी सगळे धावले आणि कुणीच दचकलं नाही, ते मी विसरू शकत नाही.'

आता जेल रोडला जाऊ, कारण तुझ्या पत्रात मला जी आशा दिसली ती तिथे आहे आणि तू तिच्यावर फुली मारून बसलीयस.

ती बाई नर्स होती. उभं आयुष्य वॉर्डात गेलेलं. बेडपॅन, कॅथेटर, तासातासाला कूस बदलणं, पाठीला झालेल्या जखमा धुणं, हे तिने परक्या माणसांचं केलंय. तुला खरंच वाटतं की ती कुत्रीच्या लघवीला घाबरून परत आली? हिशेब कर. तू दुसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगितलंस. तिने परत आणली सहाव्या दिवशी. मधले दिवस ठकीची पिशवी कुणी रिकामी केली? म्हसरूळहून आली तेव्हा ताप होता, ते तू लिहिलंस. जेल रोडहून आली तेव्हाचं काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे ठकी ठणठणीत होती. दिवसाला चार वेळा, बाईने चोख केलेलं आहे. कसं करायचं ते तुझ्याआधीपासून तिच्या हाताला माहीत आहे.

'येऊन घेऊन जा' असा फोनही तिने केला नाही. रिक्षा करून, ठकीला मांडीवर घेऊन जेल रोडपासून इंदिरानगरपर्यंत स्वतः आली. आणि दारात 'मला जमणार नाही' असं म्हणाली नाही, 'नको बाई ही कटकट' असंही म्हणाली नाही. म्हणाली, हे आधी सांगायचं होतंस. तिचं दुखणं तिने चार शब्दांत सांगितलं आणि तू ते माणुसकीच्या खात्यात नावे टाकलंस.

तेव्हा तू एकच करायचंस. ह्या रविवारी जेल रोडला जायचं. व्हॉट्सॲप नको, हात जोडलेले इमोजी तर अजिबात नकोत. आदल्या दिवशी फोन करून 'येऊ का' विचार, आणि गेल्यावर सांग, 'सिस्टर, मी तुमच्यापासून लपवलं. चुकलं माझं.' तिथे थांब. पुढे 'पण' लावू नकोस. 'पण मी तरी काय करणार', 'पण लोक ऐकतच नाहीत', ह्या 'पण'ने माफीची चटणी होते. त्या बोलतील ते ऐकून घे. कदाचित बरंच बोलतील. वॉर्डातल्या सिस्टरांचं बोलणं ऐकलंयस ना कधी?

मग पर्समधून एक कागद काढ. त्यावर ठकीचं सगळं लिहिलेलं हवं, तुझ्या अक्षरात. लघवी काढायच्या वेळा. पुरती झाली हे कसं ओळखायचं. शी कधी होते. डायपर कधी बांधायचं आणि कधी अंग मोकळं ठेवायचं, कारण दिवसभर ओलं बांधून ठेवलं की कातडी सोलते. खाली जाड फोम हवा, दर चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर कमरेच्या हाडावर जखम झालीच समज. गुळगुळीत फरशीवर ओढत गेली तर चालतं, अंगणातल्या कोब्यावर मागचे पाय खरवडून रक्त येतं आणि तिला ते कळतही नाही. चाकांची गाडी असेल तर दिवसातून वीसेक मिनिटं आणि डोळ्यांसमोर, कारण गाडीत बांधलेल्या कुत्रीला दमली तरी आडवं होता येत नाही. आणि हे ठळक लिही: थंडी आहे म्हणून कमरेखाली गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. नाशिकची डिसेंबरची थंडी मला माहीत आहे, मोह होतो. पण जिथे चटका कळत नाही तिथे भाजतं. गोधडी पुरे, कोरडी.

त्याखाली पैशांचं लिही. औषधं, डायपर, रेबीजची आणि अनेक आजारांवरच्या एकत्रित नाईन-इन-वनची वार्षिक लस, डॉक्टरांची फी, सगळं तुझ्याकडून, महिन्याच्या एक तारखेला, न मागता. सिस्टर आजारी पडल्या किंवा गावाला गेल्या तर कोण करणार, त्याचं नाव. शेवटची ओळ अशी हवी, की जमत नाही असं वाटलं तर एक फोन करा, मी दोन दिवसांत येऊन घेऊन जाईन. घरमालकाचं काय करायचं ते तेव्हा तू बघशील. (तो घरमालकाचा मुद्दा मला फारसा पटलेला नाही, हे जाता जाता सांगते. पुण्यात कुत्रं चालणारा एकही घरमालक नाही? पण आज भांडण एकच पुरे.) आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार संगमनेर-सिन्नर करत नाशिकला यायचं, ठकीला आपल्या हातांनी बघायचं, सिस्टरांना दोन दिवस मोकळीक द्यायची. फॉस्टरला दिली म्हणजे देवळात सोडली असं नसतं.

कागद दे आणि विचार, एकदाच. त्या 'नाही' म्हणाल्या तर मान डोलाव, चहा पी, आणि त्यांच्या ओळखीत असं कोण आहे ते विचार, ज्यांच्या घरी आजी किंवा आजोबा दोन-तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. अशा घरातल्या माणसांना ओल्या चादरीचा वास नवा नसतो. निवृत्त नर्स अशी दहा घरं बोटांवर मोजून दाखवेल. तुझ्या फोटोंना हार्ट देणाऱ्या हजार जणांत त्यांतलं एक घर सापडायचं नाही.

आणि ती पोस्ट आजच काढून टाक. पुन्हा कधी टाकावीच लागली तर ओढणी बाजूला कर, मिस्टरांच्या हातात मोबाईल दे आणि तू ठकीची लघवी काढतानाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ कर, हात नीट दिसतील असा. तोच पहिला. गोड कान मागाहून. फोन येणार नाहीत म्हणतेस? चाळीसचे चार होतील. ते चार मात्र बघून आलेले असतील. त्यांना पहिले चार-पाच दिवस तुझ्याच घरी सकाळ-संध्याकाळ बोलाव, त्यांच्या हाताने धार निघालेली तू बघ, आणि मगच गादी बांध.

रविवारी ठकीला बरोबर नेऊ नकोस. ती ओढत ओढत त्यांच्या पायाशी गेली की त्यांना 'नाही' म्हणता येणार नाही, आणि ह्या खेपेला ते त्यांना म्हणता आलं पाहिजे. दुपारची लघवी काढून, कोरडी करून मग घरातून निघ, म्हणजे तिथे बसल्यावर सारखं घड्याळाकडे बघणं नको.