पिनियनची खोली: पहिल्यांदाच मोजणाऱ्यासाठी
जुन्या पोर्शे ९११ चा गिअरबॉक्स आपण प्रथमच उघडत असाल, तर पिनियनच्या (मोठ्या क्राउन व्हीलला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) टोकावर कोरलेला आकडा आधी स्वच्छ पुसून वाचा. प्रमाणित मापापासून ते पिनियन मिलिमीटरच्या किती शतांशांनी वेगळे आहे, हे त्यावरून कळते. पिनियनवरचा जोडीक्रमांक क्राउन व्हीलवरील क्रमांकाशी जुळलाच पाहिजे, कारण हे दोन्ही भाग जोडीनेच तयार होतात आणि जोडीनेच बदलावे लागतात.

नवे बेअरिंग बसवून जुने शिम (पिनियनची खोली ठरवणाऱ्या पातळ चकत्या) न मोजता परत घालणे, ही सर्वांत नेहमीची चूक आहे. प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजा, आणि बेअरिंग ठरलेल्या टॉर्कने आवळल्यावरच खोलीचे, म्हणजे पिनियन क्राउन व्हीलच्या दिशेने किती आत बसले आहे याचे, माप घ्या. सैल बेअरिंगवर घेतलेले माप मी एकदा खरे धरले आणि जुळवलेला सगळा गिअरबॉक्स पुन्हा सोडवावा लागला.

चुकलेली खोली बॅकलॅश (दोन्ही चाकांच्या दातांमधली मोकळी फट) कमीजास्त करून कधीही झाकू नका; आधी खोली, नंतर बॅकलॅश. मग क्राउन व्हीलच्या दातांवर खुणेचा रंग लावून हाताने फिरवा. खूण दाताच्या मुळाशी उमटली तर पिनियन फार आत गेले आहे, माथ्याशी उमटली तर फार मागे राहिले आहे. दोनतीनदा शिम बदलावे लागले तरी खचू नका, अनुभवी हातांनाही ते करावे लागते.