दोन वर्षांची मुलगी डोक्यावरून पाणी घेताना रडून घर डोक्यावर घेते. काय करावं?

रडू शाम्पूपेक्षा तोंडावर ओघळणाऱ्या पाण्याच्या धास्तीनं जास्त येतं. त्यामुळे डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू आणला तरी निम्मंच काम होतं. पाणी चेहऱ्यावर येऊच द्यायचं नाही.

तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालतो ना, तेच थोडं बदलून करा. पाटावर बसा, पाय लांब करा, तिला उताणी झोपवा, डोकं तुमच्या पावलांकडे जरा उतरतं. एका हाताचा तळवा भुवयांच्या वर आडवा दाबून धरा आणि तांब्यानं कपाळाच्या केसांपासून मागे बारीक धार सोडा. तिला तुमचा चेहरा दिसत राहतो, यानंच निम्मी भीती जाते. झोपायला नाहीच म्हणाली तर बसवून "वर पाल दिसते का बघ" म्हणा, मान आपोआप मागे जाते. घडी घातलेला कोरडा नॅपकिन तिच्याच हातात द्या, डोळ्यांवर तिनंच धरायचा. ओला झाला की बदला.

पाणी साधारण ३७ अंश, म्हणजे कोपराला कोमट लागेल इतपत. शाम्पू शेंगदाण्याएवढा पुरे. या वयात आठवड्यातून दोनदा केस धुतले तरी चालतं. आपल्या नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत तर सकाळी नकोच, दुपारी उन्हं आल्यावर धुवा.

आणि आदल्या रात्री तेल थापू नका. ते काढायला दोनदा शाम्पू, म्हणजे रडारडही दोनदा.