हॉस्टेल सोडून भाड्याचं घर : वाचणारे आठ लाख नक्की कुणाचे?

प्रश्न : आम्ही सांगलीला असतो. मुलगी ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका छोट्या निवासी कॉलेजात शिकते. गाव लहान, विद्यार्थी दोन हजारांच्या आत, आणि बहुतेक सगळे कॉलेजच्याच रेसिडेन्स हॉलमध्ये, म्हणजे हॉस्टेलमध्ये, राहतात. ट्यूशन व फी ६६,००० डॉलर. दोघींच्या खोलीचे तिच्या वाट्याचे ८,२०० आणि पूर्ण मील प्लॅन, म्हणजे कॉलेजच्या खानावळीतलं जेवण, ८,४००. कॉलेजची ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, ७१,००० डॉलर आहे, म्हणजे वर्षाला ११,६०० डॉलर आम्ही भरतो, तेही शैक्षणिक कर्जातून. तिसऱ्या वर्षी चार मैत्रिणी मिळून गावात २,४०० डॉलर महिना भाड्याचं घर घ्यायचं म्हणतात. खोली आणि जेवण मिळून जवळजवळ ९,००० डॉलर वाचतील, असं ती सांगते. घरमालकाला या महिन्यात सही हवी आहे. शिवाय कॉलेजच्या खात्यात दर सत्राला ३५० डॉलरची एक कर-कपात दिसते, ती कसली?

उत्तर : सही आत्ता करू नका. घर वाईट आहे म्हणून नाही. ग्रँटचं काय होणार हे कुणी विचारलेलंच दिसत नाही म्हणून.

आधी मुलीचा हिशेब बघू. भाडं ६०० गुणिले ९ महिने, ५,४००. किराणा महिना २५० प्रमाणे २,२५०. एकूण ७,६५०, आणि हॉलचे १६,६०० वजा ७,६५० म्हणजे ८,९५० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर आठ लाखांच्या वर. बेरीज बरोबर आहे, पण तिच्यात घातलेले आकडे अपुरे आहेत.

हॉलचा दर शैक्षणिक वर्षाचा असतो, तर घराचं लीज, म्हणजे भाडेकरार, बहुधा १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं १२ महिन्यांचं. म्हणजे भाडं ७,२००. गॅस, वीज, पाणी, इंटरनेट यांचा तिचा वाटा सरासरी महिना ९० धरा, वर्षाचे १,०८०. ओहायोतल्या हिवाळ्यात गॅसचं बिल उन्हाळ्याच्या कितीतरी पट येतं, त्यामुळे सप्टेंबरचं बिल बघून अंदाज बांधू नका. किराणा २५० मध्ये भागत नाही, ३५० धरा. नऊ महिन्यांचे ३,१५०. प्रॅक्टिकल उशिरा संपतात, घरी जाऊन जेवायला वेळ नसतो, म्हणून कॅम्पसवरच्या सुट्या जेवणांचे ६००. हॉलमध्ये पलंग, गादी, टेबल असतं. भाड्याचं घर बहुधा रिकामं मिळतं, म्हणून सामान आणि भांडीकुंडी ५००. भाडेकरूचा विमा १५०. गावात बस नाही, दुकान लांब, तेव्हा कुणाच्या तरी गाडीच्या पेट्रोलचा वाटा ३६०. सगळं मिळून १३,०४०. बचत उरली ३,५६० डॉलर, म्हणजे साधारण ३ लाख २० हजार. हीदेखील छोटी रक्कम नाही. फक्त ती तुमच्या खिशात राहते का, ते बघायचं.

तुमच्या ग्रँटमधले ६६,००० ट्यूशन-फीला लागतात आणि वरचे ५,००० खोली-जेवणाच्या बिलात वळते होतात. मुलगी बाहेर राहायला गेली की कॉलेजचं बिलच ६६,००० होतं. अनेक कॉलेजांचा नियम असा की कॉलेजची स्वतःची ग्रँट कॉलेजने लावलेल्या बिलापेक्षा जास्त देता येत नाही; वरची रक्कम हातात मिळत नाही, ती रद्द होते. तसं झालं तर ५,००० गेले, आणि घराचा सगळा १३,०४० चा खर्च तुमच्यावर आला. आज ११,६०० भरता, पुढच्या वर्षी १३,०४० भराल. आठ लाख वाचायचे राहिले बाजूला, उलट १,४४० डॉलर, म्हणजे १ लाख ३० हजार रुपये जास्त.

काही कॉलेजं वेगळ्या पद्धतीने तिथेच पोचतात. विद्यार्थ्याचा वर्षाचा एकूण खर्च ते हॉलमध्ये राहणाऱ्यासाठी वेगळा आणि बाहेर राहणाऱ्यासाठी वेगळा धरतात. बाहेरचा खर्च कमी धरला की गरज कमी, आणि गरज कमी की ग्रँट कमी. काटकसर तुमची, फायदा कॉलेजचा. काही ठिकाणी मात्र ग्रँट चार वर्षं ठरलेली असते, कुठेही राहा. तुमचं कॉलेज यातलं कोणतं हे ग्रँटच्या पत्रात दोन ओळींत लिहिलेलं असू शकतं. नसेल तर मुलीने कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदत ठरवणाऱ्या कार्यालयाला, ईमेल करावी. फोन नको, लेखी उत्तर हवं. विचारायचं ते असं : तिसऱ्या वर्षी मी कॉलेजबाहेर राहिले तर माझी ७१,००० ची ग्रँट डॉलरमध्ये किती राहील, बिलापेक्षा जास्तीची रक्कम मला परत मिळेल का, आणि चौथ्या वर्षी पुन्हा हॉलमध्ये आले तर ग्रँट पूर्ववत होईल का. तिसरा प्रश्न लोक हमखास विसरतात.

दुसरं पत्र हाउसिंग ऑफिसला. छोट्या निवासी कॉलेजांत तीन किंवा चारही वर्षं कॅम्पसवर राहणं अनेकदा सक्तीचं असतं. बाहेर राहायची परवानगी मोजक्यांना मिळते आणि त्यात शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पुढे असतात. परवानगीचं पत्र येण्याआधी लीजवर सही झाली तर कॉलेज खोलीचे पैसे लावतं आणि घरमालक भाडं मागतो. दोन्हीकडे कागद त्यांच्या बाजूने असतो.

समजा दोन्ही उत्तरं तुमच्या मनासारखी आली. तरी लीज नीट वाचा. चौघींची एकच लीज असेल तर तीत बहुधा चौघी मिळून आणि प्रत्येकजण एकेकटीही पूर्ण भाड्याला जबाबदार असते. तिसरं वर्ष म्हणजे नेमकं एका सत्रासाठी दुसऱ्या देशात शिकायला जायचं वर्ष. चौघींपैकी एक जानेवारीत गेली आणि तिने खोलीसाठी बदली भाडेकरू दिली नाही, तर तिचे महिना ६०० उरलेल्या तिघींवर. तुमचीच मुलगी गेली तर जानेवारी ते जुलैचं भाडं ४,२०० डॉलर रिकाम्या खोलीसाठी जातं. हॉलमध्ये असती तर त्या सत्राची खोली सहसा लागलीच नसती. छोट्या गावात बदली भाडेकरू मिळणं कठीण, कारण बाकी सगळे हॉलमध्येच राहतात.

घरमालक अमेरिकेत राहणारा जामीनदार मागतील. तुमची सांगलीची मिळकत तिथे चालत नाही. मग एका सत्राचं भाडं आगाऊ द्या, असं सुचवतात. आगाऊ भाडं देऊ नये असं माझं मत. घरात काही बिघडलं की भांडायला हातात काहीच उरत नाही. अनामत रकमेबाबत ओहायोचा कायदा बरा आहे. घर सोडल्यावर ३० दिवसांत रक्कम, किंवा काय कापलं त्याची यादी द्यावी लागते, आणि चुकीने ठेवलेल्या रकमेइतकीच भरपाई वर मागता येते. अट एकच, नवा पत्ता घरमालकाला लेखी कळवलेला हवा. चावी टेबलावर ठेवून विमानतळ गाठला तर ती भरपाई गेली.

आणि एक साधी गोष्ट, जी पहिल्या हिवाळ्यात महागात पडते. डिसेंबरच्या सुट्टीत चौघी घराबाहेर, गॅस वाचवायला कुणीतरी हीटिंग पूर्ण बंद करतं, भिंतीतल्या पाइपात पाणी गोठतं आणि पाइप फुटतो. दुरुस्ती भाडेकरूंच्या माथी येऊ शकते. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे १३ सेल्सियसच्या खाली न्यायचा नाही. हॉलमध्ये ही काळजी दुसरा कुणीतरी घेत असतो आणि ८,२०० मध्ये तेही आलं.

तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकात मला याहून चांगली वाट दिसते. कॉलेजच्याच मालकीची, स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट्स तिसऱ्या वर्षापासून मिळतात : खोली ९,००० आणि सत्राला ७५ जेवणांचा छोटा मील प्लॅन, वर्षाला ३,०००. किराणा महिना २०० धरला तर नऊ महिन्यांचे १,८००. एकूण १३,८००. कॉलेजचं बिल ७८,००० राहतं, म्हणजे ७१,००० ची ग्रँट त्यात सहज मावते. तुम्ही भरणार ७,००० अधिक किराण्याचे १,८००, म्हणजे ८,८००. बचत २,८०० डॉलर, अडीच लाख रुपये. लीज नाही, जामीनदार नाही, जुलैचं भाडं नाही. एड ऑफिसला एवढंच विचारा, की छोटा मील प्लॅन घेतला तर ग्रँटला धक्का लागतो का.

बचत नेमकी कुठून येते ते बघा. पूर्ण प्लॅन ८,४०० चा, सत्रं दोन, प्रत्येकी १५ आठवडे, म्हणजे आठवड्याला २८० डॉलर. मुलीने फोनवरच्या अॅपमध्ये मागच्या सत्रात किती वेळा कार्ड स्वाइप झालं ते मोजावं. आठवड्याला १९ जेवणं असतील तर एक ताट १५ डॉलरच्या आत पडतं. सकाळचा नाश्ता झोपेत जातो, शनिवार-रविवारी खोलीत मॅगी होते, आणि १२ च जेवणं होत असतील तर ताट २३ डॉलरच्या वर. न खाल्लेली जेवणं सहसा पुढच्या सत्रात ओढता येत नाहीत. खोलीपेक्षा पैसा इथे गळतो.

ओहायोतल्याच ओबर्लिन कॉलेजात विद्यार्थी सहकारी तत्त्वावर खानावळी आणि वसतिगृहं चालवतात. स्वयंपाक आणि भांडी पाळीपाळीने. सांगलीकरांना सहकार समजावून सांगायला नको. तुमच्या कॉलेजात तशी सोय असेल तर दर जरूर विचारा.

रेसिडंट असिस्टंट, म्हणजे मजल्यावरच्या मुलांकडे लक्ष देणारी विद्यार्थिनी, हाही पर्याय आहे. बहुतेक ठिकाणी खोली फुकट मिळते. अर्ज हिवाळ्यातच बंद होतात, तेव्हा आजच बघायला सांगा. हे काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या विद्यार्थी-व्हिसाच्या मर्यादेत धरलं जातं, त्यामुळे लायब्ररीतली नोकरी कमी करावी लागेल. काही कॉलेजं फुकट खोलीची किंमत ग्रँटमधून वजा करतात. तसं असेल तर रात्री दोनला आगीचा भोंगा वाजल्यावर सगळ्यांना बर्फात उभं करायचं काम जवळजवळ फुकट केल्यासारखं होईल.

आता ३५० डॉलर. ट्यूशन आणि सक्तीच्या फीला लागणारी ग्रँट अमेरिकेत करमुक्त असते. खोली-जेवणाला लागणारा भाग करपात्र धरतात. तुमच्या बाबतीत हा भाग वर्षाला ५,०००, आणि विद्यार्थी-व्हिसावर त्यावर १४ टक्के कपात होते : ७०० डॉलर, सत्राला ३५०. भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे करपात्र उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, घेता येतं, जे इतर बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२५ साठी ते १५,७५० डॉलर आहे. मुलीची ग्रँटची करपात्र रक्कम ५,००० आणि लायब्ररीतला पगार समजा २,६००, बेरीज ७,६००. संघीय कर शून्य, कापलेले ७०० परत.

त्यासाठी कॉलेजकडून मार्चच्या मध्यापर्यंत येणारा १०४२-एस हा फॉर्म आणि पगाराचा डब्ल्यू-२ घेऊन १०४०-एनआर हे अनिवासींचं विवरणपत्र १५ एप्रिलच्या आत भरायचं, सोबत परदेशी विद्यार्थ्यांचा ८८४३ हा फॉर्म जोडायचा. नेहमीची चूक अशी की अमेरिकन मैत्रीण वापरते तेच सॉफ्टवेअर वापरलं जातं. ते नागरिकांचा १०४० फॉर्म भरतं, आणि तो चुकीचा. २०२४ चं विवरणपत्र राहिलं असेल तर तेही भरता येतं. परताव्याला मूळ मुदतीपासून तीन वर्षं असतात. २०२४ मध्ये एकच सत्र झालं, त्यामुळे दोन्ही वर्षांचे मिळून १,०५० डॉलर, म्हणजे ९४,५०० रुपये, तुमचे तिकडे पडून आहेत. घराच्या चर्चेआधी हे काम करा.

कर्जाकडेही बघू. बँक सत्राचा हप्ता कॉलेजच्या बिलावर थेट कॉलेजला पाठवते. बाहेरचं भाडं त्या बिलात येत नाही. काही शाखा लीजच्या प्रतीवर पैसे सोडतात, काही सोडत नाहीत. घरच्या बचतीतून पाठवायची वेळ आली तर परदेशी पैसे पाठवायच्या बँकेच्या ए-२ फॉर्मवर शिक्षणाचा एस०३०५ हा कोड घाला, त्यात वसतिगृह खर्च धरलेला आहे. कुटुंबाच्या पोषणाचा कोड पडला, तर वर्षात पाठवलेल्या १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आयकर, कापला जातो. विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही.

दोन वर्षं अडीच-अडीच लाख कमी उचलले, तर साडेदहा टक्क्यांनी आणि दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता महिन्याला सुमारे ६,७०० रुपयांनी कमी बसेल. भाड्याचं घर सगळं सुरळीत झालं तरी कॉलेजच्या अपार्टमेंटपेक्षा वर्षाला फक्त ७६० डॉलर जास्त वाचवतं. त्यासाठी तीन मैत्रिणींच्या भाड्याची हमी घ्यायची, हा सौदा मला पटत नाही.

एप्रिलमधल्या खोली-वाटपाच्या सोडतीत चौघींनी एकत्र नाव द्यावं. क्रमांक मागचा आला आणि अपार्टमेंट मिळालं नाही, तर सध्याचीच खोली ठेवा आणि हॉलमधल्यांना चालत असेल तो सर्वांत लहान मील प्लॅन घ्या. प्लॅन बदलण्याची मुदत बहुधा सत्र सुरू झाल्यावर थोडेच दिवस असते. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाकायला सांगा. आणि राहण्याचा पत्ता कुठलाही बदलला, अगदी एका हॉलमधून दुसऱ्यात, तरी १० दिवसांच्या आत परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसला कळवणं व्हिसासाठी सक्तीचं आहे.