आधी बघ, मग पळ

प्रिय पोरा,

आशीर्वाद.

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. "सर, मी खरंच आळशी आहे का?" खाली अकादमीच्या रिपोर्टचा फोटो. जाकिटातल्या जीपीएसनं काढलेला तुझ्या पळण्याचा हिशोब : सात किलोमीटर. बाकीची पोरं नऊ, साडेनऊ. तुझ्या नावापुढं लाल ठिपका. त्याच सामन्यात दोन गोल तुझे आणि तिसऱ्याचा पास तुझा, पण त्यासाठी कुठल्याच रंगाचा ठिपका नाही. वाचलं, चष्मा काढून ठेवला, पण झोप काही लागली नाही.

मेहनत कर, नाउमेद होऊ नकोस, असलं काही मी लिहिणार नाही. पहाटे साडेपाचला शाहू स्टेडियमच्या भिंतीवर चेंडू आपटणारा तू एकटाच असतोस, ते मला ठाऊक आहे. मी तुला बर्बाटोव्हचं सांगणार आहे, बल्गेरियाचा तो फॉरवर्ड. तुम्ही पोरं त्याला मोबाईलवर तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत बघता. त्या तुकड्यात टच दिसतो, टचच्या आधीचं दिसत नाही. आणि सगळा खेळ त्या आधीच्यातच असतो.

२००८ चा ऑक्टोबर. तो तेव्हा मँचेस्टर युनायटेडचा, त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर वेस्ट हॅमशी सामना. चेंडू गोललाईनकडं चाललाय, बाहेर जाणारच. बर्बाटोव्ह तिथं पोचतो. अंगावर जेम्स कॉलिन्ससारखा धिप्पाड डिफेंडर. पुढं जागा नाही, कारण पुढं लाईन आहे. आणि हा पठ्ठ्या चेंडूला नुसता पाय लावून, स्वतःभोवती वळून, त्या लाईनच्या कडेनंच निघून जातो. कॉलिन्स अजून तिथंच उभा. समोर रोनाल्डो, त्याला नुसता पाय लावायचं काम. गोल.

ही क्लिप तू शंभर वेळा बघितली असशील. आता एकशे एकाव्या वेळी बघ आणि मला सांग : रोनाल्डो तिथं येतोय हे बर्बाटोव्हला कधी कळलं? वळल्यावर? वळल्यावर बघायला वेळच कुठं होता! मला विचारशील तर त्यानं ते आधीच बघून ठेवलं होतं. आणि जाताजाता हेही ध्यानात घे, की जो चेंडू बाहेर चालला होता त्यामागं तो पळाला होता. ज्याला अख्खं इंग्लंड आळशी म्हणत होतं, तो. कुठल्या चेंडूमागं पळायचं हे त्याला कळायचं, एवढंच.

आधी बघ. मग पळ. एवढंच मला लिहायचं होतं, पण एवढ्यावर तू ऐकणार नाहीस आणि मीही थांबणार नाही.

ब्लागोएव्हग्राड हे त्याचं गाव, सोफियाच्या दक्षिणेला. वडील पिरिन आणि सीएसकेए या तिथल्या क्लबांकडून खेळलेले, आई हँडबॉल खेळाडू. १९९४ च्या वर्ल्ड कपमध्ये बल्गेरिया चौथी आली तेव्हा हा तेरा वर्षांचा. तो स्टॉइचकोव्हचा संघ. स्टॉइचकोव्ह म्हणजे जाळ : रेफ्रीशी भांडणार, डोळ्यांत आग. त्यानंतर त्या देशाला फॉरवर्ड म्हटलं की तसाच जाळ बघायची सवय लागली, आणि वाट्याला आला हा, थंड पाण्यासारखा. लोकांना पटायला वेळ लागला, काहींना तर शेवटपर्यंत पटला नाही. बल्गेरियासाठी ७८ सामन्यांत ४८ गोल. ख्रिस्तो बोनेव्हचा ४७ चा विक्रम त्यानं मोडला. देशातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू सात वेळा झाला. वर्ल्ड कप मात्र कधी खेळायला मिळाला नाही. २००४ चा युरो मिळाला, तिथं तिन्ही सामने हरले.

थंड म्हणजे मऊ नव्हे हं. सीएसकेएत असताना, अठराव्या वर्षी, त्याला गुंडांनी उचलून नेलं होतं, त्यांच्या क्लबसाठी सही कर म्हणून. पुढं त्यानं स्वतःच हे सांगितलं. वडिलांनी फोनाफोनी करून सोडवलं. तू अठरा वर्षांचा आहेस, आणि तुला एका लाल ठिपक्यानं झोप येत नाही.

माफ कर, जरा लागेल असं लिहिलं गेलं. पण खोडत नाही.

जर्मनीच्या लेव्हरकुझेन क्लबमधली वर्षं मी भराभर सांगतो. २००१ च्या जानेवारीत गेला. पुढच्याच वर्षी संघ लीगमध्ये दुसरा, जर्मन कपमध्ये उपविजेता, आणि ग्लासगोला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये रेआल माद्रिदकडून २-१ नं हरला. एका हंगामात तीनदा दुसरा! फायनलला हा बदली म्हणून उतरला होता. २००६ ला इंग्लंडचा टॉटनहॅम क्लब, तिथं २००८ चा लीग कप, फायनलमध्ये चेल्सीविरुद्ध बरोबरीचा गोल याच्या पेनल्टीवर. आणि त्याच वर्षी, सप्टेंबरच्या १ तारखेला, खरेदीची मुदत संपता संपता, मँचेस्टर युनायटेड. युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन स्वतः त्याला घ्यायला विमानतळावर गेले होते. ३ कोटींहून जास्त पौंड मोजले.

इतक्या पैशांत लोकांना काय हवं होतं माहितीय? घाम. चेहऱ्यावर दिसेल असा घाम.

२००९ च्या एफए कपची सेमीफायनल, एव्हर्टनशी. शूटआऊटमध्ये हा पेनल्टी घ्यायला गेला, हळूच आला, हळूच मारली, आणि टिम हॉवर्डनं अडवली. युनायटेड हरलं. तीच पेनल्टी जोरात मारून बाहेर घालवली असती तर लोक म्हणाले असते, बिचारा. हळू मारली म्हणून म्हणाले, फिकीर नाही याला. शांतपणाचं हे असं असतं. चेंडू जाळ्यात गेला तर तू कलावंत, नाही गेला तर तू आळशी. हे तुला आत्ताच सांगून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग २०१०-११. सप्टेंबरात लिव्हरपूलविरुद्ध तीन गोल. दुसरा गोल मी अजूनही आठवून आठवून बघतो. उजवीकडून नानीचा क्रॉस, याची गोलकडं पाठ. चेंडू मांडीवर घेतला, जरासा वर उडू दिला, आणि ओव्हरहेड, म्हणजे हवेत उलटं होऊन स्वतःच्या डोक्यावरून किक. वरच्या बारला आतून लागून चेंडू आत. त्या मांडीवरच्या टचनं चेंडू किती वर जायला हवा, हे त्यानं आधी ठरवलं होतं. नशिबानं तसं होत नाही. मग लिव्हरपूलनं २-२ केलं, तर यानं डोक्यानं तिसरा मारला. त्यानंतर लीगमध्ये कित्येक सामने कोरडे गेले. पुन्हा ओरड सुरू : पळत नाही. तरी तो बदलला नाही. २७ नोव्हेंबरला ब्लॅकबर्नविरुद्ध एकट्यानं पाच. प्रीमियर लीगच्या सामन्यात पाच गोल करणारा तो चौथाच, आणि आधीच्या तिघांत एक अ‍ॅलन शिअरर, ज्याचा शर्ट घालून हा लहानपणी झोपायचा. हंगामाअखेर २० गोल, कार्लोस टेव्हेझच्या बरोबरीनं सगळ्यांत जास्त. लीग युनायटेडनं जिंकली.

आणि मेमध्ये वेम्बलीला बार्सिलोनाविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल. अठरा जणांच्या यादीत नाव नाही. अकरांत नाही, हे समजू शकतो. अठरांत नाही! लीगमधला सर्वाधिक गोल करणारा बाहेर राहिला. पुढच्या हंगामात लीगचे जेमतेम बारा सामने मिळाले. त्यातही सात गोल केले.

इथं थोडं माझं.

आमच्या वेळी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून मी पुढं खेळायचो. तुला ठाऊक आहेच, इथं गॅलरीत बसणारा प्रत्येक जण कोच असतो. एकदा सेमीफायनलला गॅलरीतून आवाज आला, "पाय भाड्यानं आणल्यात काय रं?" सगळं स्टेडियम हसलं. ते हसणं मी घरी घेऊन गेलो. त्या हंगामात माझे अकरा गोल होते, पण मला तेवढं हसूच ऐकू यायचं. पुढच्या हंगामात मी पळालो. असा पळालो की तालमीतली जाणती माणसं पाठ थोपटायला लागली. "आता कसं, पोरगं घाम गाळतंय!" गोल किती झाले? चार. कुणी विचारलंसुद्धा नाही.

फायनलला शेवटची पाच मिनिटं. ०-० चाललेलं. चेंडू माझ्याकडं आला, गोलकीपर थोडा पुढं. मी पंच्याऐंशी मिनिटं कुत्र्यासारखा पळालो होतो, डोळ्यांपुढं अंधारी. डावीकडं आमचा पोरगा मोकळा होता, हात वर करून ओरडत होता. मला तो दिसला नाही. मी समोर मारला, गोलकीपरच्या पोटात. पुढं पेनल्टीवर हरलो. त्या पोरानं मला कधी बोल लावला नाही. आजही भेटला की चहा पाजतो, आणि दरवेळी मला त्याचा तो वर केलेला हात आठवतो.

पुढच्या वर्षी मला संघातून काढलं. ते चुकलंच त्यांचं. आजही म्हणतो, चुकलं. घरी हा विषय निघाला की बायको म्हणते, पस्तीस वर्षं झाली, आता तरी सोडा. सोडत नाही. मी माझ्या पद्धतीनं खेळलो असतो तर...

बरं, खरं सांगतो, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. त्या शेवटच्या वर्षी मी सकाळच्या सरावाला दांड्या मारत होतो. रागानं. ते शांत खेळणं वगैरे काही नव्हतं, तो निव्वळ आळस होता. मैदानावर उभं राहून बघणं वेगळं आणि अंथरुणात पडून राहणं वेगळं. बर्बाटोव्हचं नाव घेऊन दुसऱ्या प्रकारचा आळस झाकणारे पुष्कळ भेटतील. त्यांत मी पण होतो. तू होऊ नकोस.

पण पळण्याच्या बाबतीत माझं म्हणणं बदलत नाही. आधी बघ.

तू म्हणशील, सर, तो जमाना गेला. आता फॉरवर्डनंच प्रेसिंग करायचं असतं, समोरच्या चेंडूवाल्यावर धावून जाऊन त्याला दाबायचं असतं. तुझे कोच हेच म्हणत असणार, आणि त्यांच्यासमोर माझी वकिली करत बसू नकोस. ते सांगतात तिथं जा, दाब. पण दाबतानाही डोळे उघडे ठेव. चेंडूवाल्याकडं सगळेच धावतात. त्याचा पुढचा पास कुठं जाणार हे बघून दोन पावलं टाकलीस तर जे काम होतं, ते वीस पावलांच्या धावेनं होत नाही. जीपीएसला त्या दोन पावलांचं मोल कळत नाही, त्याला मी काय करू?

मी त्याला प्रत्यक्ष बघितलंय, हे तुला कधी सांगितलं का? २०१७ चा डिसेंबर. तो तेव्हा केरला ब्लास्टर्सकडून खेळत होता आणि एफसी गोवाशी मडगावला सामना होता. आम्ही तिघं मित्राच्या जुन्या ओम्नीतून आजरा-आंबोलीमार्गे फातोर्ड्याला गेलो. घाटात गाडी दोनदा तापली. पोचलो तेव्हा वॉर्मअप चालू होता. बाकीचे उड्या मारतायत, स्प्रिंट काढतायत. हा सावकाश. पण त्याची मान बघितली मी. चेंडू यायच्या आधी एकदा डाव्या खांद्यावरून मागं, एकदा उजव्या. मग टच. पुन्हा डावा, उजवा. मैदानात कुणी विरोधक नाही, साधा सराव, तरी मान वळतेच आहे. छत्तीस वर्षांचा माणूस, इतकं जिंकून झालेलं, आणि तरी बघायचं सोडत नव्हता.

सामना सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच तो लंगडत बाहेर गेला. दुखापत. एवढ्यासाठी आंबोलीचा घाट चढून-उतरून गेलो होतो! गोव्यानं ५-२ नं मारलं. परतीच्या वाटेवर मित्र माझी टिंगल करत होते. मी गप्प होतो. माझे पैसे वॉर्मअपमध्येच वसूल झाले होते, पण ते त्यांना कसं पटवू?

त्या हंगामात तो नऊ सामने खेळला, गोल एकच. मधेच कोच बदलला, आणि जाताना यानं इन्स्टाग्रामवर नव्या कोचच्या डावपेचांची जाहीर खिल्ली उडवली : स्ट्रायकरच्या छातीवर चेंडू उचलून टाका, म्हणे. तसं लिहायला नको होतं. पण मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याआधी इंग्लंडच्या फुलहॅम क्लबला असताना तर गोल केल्यावर यानं शर्ट वर करून आतला टी-शर्ट दाखवला होता : शांत राहा आणि चेंडू मला द्या. पिवळं कार्ड मिळालं. तसला टी-शर्ट तू शिवून घेऊ नकोस, अजून तेवढे गोल झालेले नाहीत तुझे.

अकादमी सोडायचा विचार करतोयस असं शेवटी लिहिलंयस. ते मी वाचलंच नाही असं समज.

रविवारी तुझा सराव नसतो. सकाळी सहाला गांधी मैदानावर ये. ते जाकीट घरी ठेव, चेंडू मी आणतो. मी तुझ्या मागं उभा राहून बोटं दाखवीन, कधी दोन, कधी चार. चेंडू पायाशी यायच्या आत आकडा मोठ्यानं सांगायचा. चुकलास तर पुन्हा. माझ्या गुडघ्यामुळं मला फार वेळ उभं राहता येत नाही, तेव्हा वेळेवर ये.

तुझा,
सर